पाटी त्यांना वाचू द्या

नमस्कार मंडळी. रविवारची सकाळ, त्यात लग्नसराई, तरी सभागृह भरलंय. खूप बरं वाटलं. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मुलं आणि प्रवास: कोणत्या वयात काय शिकवावं’. तिकडे येतेच. पण आधी स्वारगेटची एक गोष्ट सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्या एका सकाळी पक्कं झालं.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती, मी आणि सासूबाई वाईला निघालो होतो, एसटीनं. एसटीचं कौतुक पुणेकरांपुढे वेगळं काय करू? १ जून १९४८ ला तिची पहिली गाडी सुटली ती पुण्याहून नगरसाठीच. तर आदल्या रात्री मी लेकीला म्हटलं, “उद्या बस तू शोधायचीस. आम्ही तुझ्या मागे.” तिला इतका आनंद झाला की रात्री दोनदा उठून तिनं घड्याळ बघितलं.

सकाळी फलाटावर गाडी लागली. पाटीवर ठळक ‘महाबळेश्वर’ आणि त्याखाली बारीक ‘मार्गे वाई’. तिनं पाटी नीट वाचली आणि मान हलवली. “ही महाबळेश्वरला जाते. आपली नाही.” आत खिडकीच्या जागा रिकाम्या दिसत होत्या. सासूबाईंनी माझा दंड धरला, “अगं, सांग ना तिला!” मी सांगितलं नाही. कंडक्टरनं डबल बेल दिली आणि गाडी गेली.

ती दोन मिनिटं मला फार जड गेली. ओठांवर आलेलं वाक्य गिळायचं, तेही सासूबाईंसमोर! पण आपण पालक नेमके तिथेच बोलून मोकळे होतो. तिकीट आपल्याकडे, पाण्याची बाटली आपल्याकडे, कुठे उतरायचं ते आपल्याला ठाऊक. मुलांनी फक्त चढायचं आणि उतरायचं. मागे एका सहलीत बारा वर्षांच्या एका मुलाला मी विचारलं, “कुठल्या हॉटेलात उतरलायत रे?” त्याला नाव सांगता येईना. हुशार मुलगा, पण ते नाव लक्षात ठेवायची वेळच कुणी त्याच्यावर आणली नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटलं.

असो, स्वारगेटला परत येते. अर्ध्या तासानं तिची चुळबूळ सुरू झाली. “आई, वाईची गाडी येतच नाहीये.” मी म्हटलं, “मग कुणाला विचारायचं?” ती चौकशी खिडकीकडे गेली. टाचा उंचावल्या तरी हनुवटी कशीबशी फळीला टेकत होती. तिच्या डोक्यावरून दोन मोठी माणसं आपलं विचारून गेली. तिसऱ्या खेपेला तिनं फळीवर हात आपटला आणि ओरडूनच विचारलं, “काका, वाईची गाडी कुठली?” आतून उत्तर आलं, “महाबळेश्वरची कुठलीही पकड बाळा, वाईवरूनच जाते.”

लालबुंद होऊन परत आली. “मगाशी गेली ती आपलीच होती. तुला माहीत होतं?” मी हो म्हटलं. कात्रजचा बोगदा येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. बोगद्यानंतर मात्र उठली, तोल सावरत कंडक्टरपर्यंत गेली आणि वाई कधी येईल ते विचारून आली. आणि दुसऱ्या दिवशी मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर, ती मोठी घंटा आहे ना, तिथल्या एका आजोबांना हिनंच विचारलं, “ही घंटा कुठून आली?” वसईच्या १७३९ च्या विजयाची गोष्ट तिनं त्यांच्या तोंडून ऐकली. मी बाजूला नुसती उभी होते.

दहाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. तेव्हा पत्रिकेवरचा विषय आता भराभर.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला बघायचं काम द्या. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती वाचू द्या. मुंबईहून परतताना कर्जतला थांबलात तर घाट चढवायला मागे जोडलेली जादा इंजिनं दाखवा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला स्वतःची पिशवी भरू द्या. स्वेटर राहिला तर एक संध्याकाळ थंडी वाजेल, वाजू द्या. दहाच्या पुढे तिकिटाचा हिशेब त्याच्याकडे. एसटीत पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट, बायकांना अर्धं, पंचाहत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांना मोफत. घरातली पाच माणसं घेतली तर गणित छान रंगतं.

हरवण्याबद्दल बोलायचं टाळू नका. घाबरवायचं नाही, पण घरी सराव करून घ्यायचा. चुकामूक झाली की तिथेच थांबायचं, पळायचं नाही. मग गणवेशातल्या माणसाला किंवा लेकरू बरोबर असलेल्या बाईला सांगायचं. आई-बाबांचा नंबर तोंडपाठ हवा, मोबाइलमध्ये असून भागत नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, तातडीच्या मदतीचा ११२ आणि रेल्वेचा १३९, हेही पाठ हवेत.

आणि प्रत्येक सहलीला एक छोटी वही. वाईच्या वेळची तिची वही मी आज बरोबर आणलीय, नंतर बघा हवी तर. पहिल्या पानावर, खर्चाच्याही आधी, पेन्सिलीनं लिहिलंय: ‘मार्गे म्हणजे वरून जाणारी. खिडकीवर जोरात बोलायचं.’