दुसऱ्या महिन्यातला एक दिवस

नमस्कार. माईक जरा खाली घेता का? हां, बास. पत्रिकेत आजचा विषय 'जपानी तलवारी : ओळख, कालनिर्णय आणि निगा' असा छापलाय. एका तासात तिन्ही. त्यातली वीस मिनिटं सत्कारात गेली. तक्रार नाही, नारळ चांगला दिसतोय. पण तिन्हींतलं काहीतरी आज अर्धवट राहणार, हे आधीच सांगून ठेवतो.

हात वर करा बघू, किती जणांच्या घरी जुनी तलवार आहे? बरेच आहेत की. आणि दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू वाहणारे? तेवढेच हात. ठीक आहे, त्यावर आपण शेवटी भांडू.

आता मराठी घरात जपानी तलवार येते कुठून? मुख्य वाट ब्रह्मदेशातून. मराठा पलटणी तिथं लढल्या, 1945 साली जपान शरण आला, आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी तलवारी उतरवून ठेवल्या. दुसरी वाट खुद्द जपानातून. युद्ध संपल्यावर तिथं जी ताबा-फौज गेली, तिच्यात ब्रिगेडियर थिमय्यांच्या ब्रिगेडबरोबर आपली एक मराठा पलटणही होती. त्या ब्रिटिश-इंडियन फौजेचं मुख्यालय ओकायामाला होतं. गंमत अशी, की ओकायामाच्या जवळच ओसाफुने नावाचं गाव आहे, आणि तलवारींच्या दुनियेत ओसाफुने म्हणजे आपल्याकडे साडीच्या दुनियेत पैठण. हल्ली ते सेतोउची नावाच्या नगरपालिकेत येतं. या नगरपालिकेनं 2020 साली चक्क वर्गणी काढून पन्नास कोटी येनला एक तलवार परत गावात आणली! 'सान्चोमो' तिचं नाव, उएसुगी केन्शिन या सरदाराकडची. गणपती सोडून कशाला वर्गणी निघते, हे आपल्याला नवीन.

तर मुद्दा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून मला फोन आला. आजोबा पलटणीत होते, त्यांची तलवार आहे, बघायला या. मी गेलो. आधी शेजारच्यांनीच गाठलं, त्यांच्याकडेही एक होती. 'ओरिजिनल सामुराई' म्हणून काढली. मुठीवर दोरीची वीण दिसत होती. नखानं टोकरलं, तर वीण ॲल्युमिनियमची! ओतीव, वरून रंग दिलेली. पात्यावर आकडे ठोकलेले. ही पंच्याण्णव नमुन्याची तलवार, 1935 ची रचना, हवालदार दर्जाच्या लोकांसाठी कारखान्यात काढलेली. जपानच्या शाही पंचांगाचं 2595 वं वर्ष, म्हणून पंच्याण्णव. मी म्हटलं, वस्तू खरी आहे, युद्धातली आहे, जपा. पण नावातलं 'सामुराई' काढून टाका. चहा मिळाला, बिस्किटं परत आत गेली.

मग मूळ घरी. म्यानावर लष्करी चामडं, मूठ लष्करी. इथंच पुष्कळ लोक फसतात, 'ही पण युद्धातलीच' म्हणून सोडून देतात. अहो, कित्येक अधिकाऱ्यांनी घरातलं पिढीजात पातं काढून त्याला नवी लष्करी मूठ आणि म्यान चढवलं होतं. कपड्यावरून वय ठरवू नका. मी पातं उपसलं, आणि बाक बघूनच घसा कोरडा पडला. जुनं होतं.

मूठ उतरवायची म्हणजे काय करायचं, तेही सांगतो. मुठीत एक बांबूची खुंटी असते. ती हळूच ठोकून काढायची. डाव्या हातात मूठ धरून पातं तिरकं उभं ठेवायचं, आणि उजव्या मुठीनं डाव्या मनगटावर हलके ठोसे द्यायचे. पातं आतून सैल होतं. आत जो भाग असतो त्याला म्हणतात नाकागो. याचा नाकाशी काही संबंध नाही, पण तलवारीचं नाक तिथंच असतं. त्याच्यावर कारागिराचं नाव कोरलेलं असतं, कधी मागच्या बाजूला तारीख, आणि सगळ्यावर गंज. हा गंज मुद्दाम ठेवलेला असतो, शेकडो वर्षं. अलीकडच्या पात्यावर तो लालसर, खरखरीत. तीन-चार शतकं गेली की काळपट, गुळगुळीत, गुळाच्या जुन्या ढेपेसारखा. गंजाचा तो रंग म्हणजे जन्मदाखला. जपानात तो कुणी पुसत नाही.

इथं मूठ निघाली, आणि आतून स्टीलच्या ताटासारखा उजेड आला.

मी विचारलं, हे काय? घरातले चुलते अगदी कौतुकानं म्हणाले, "आतून पार सडली होती हो, काळी ठिक्कर. तुम्ही पुण्याहून येणार म्हटल्यावर पुतण्याच्या दुकानातून बफ मारून आणली." पुतण्याचं फॅब्रिकेशनचं दुकान. म्हणजे चारशे-पाचशे वर्षं टिकलेला गंज, मी येणार म्हणून, माझ्या स्वागताला गेला! हसू नका. मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.

पण पुतण्या काम करत असताना मध्येच वीज गेली. त्यानं एक बाजू खालून घासायला घेतली होती, दुसरी वरून. दोन्ही अर्ध्यावर राहिल्या. बॅटरी आडवी धरून पाहिलं. एका बाजूला 'बिशू ओसाफुने सुके...' आणि पुढे चकाकी. बिशू म्हणजे बिझेन प्रांत, आखूडात. म्हणजे ओकायामाजवळचं तेच गाव. पण सुके-कोण? सुकेसादा? सुकेमित्सु? दोघांचंही पहिलं अक्षर एकच. दुसरी बाजू उलटली. तिथं वरचं वर्ष गेलेलं, आणि खाली स्वच्छ तीन अक्षरं : नि-गात्सु-हि. दुसऱ्या महिन्यातला एक दिवस.

आणि यातही जपानी गंमत बघा. जुन्या पात्यांवर बहुतेक वेळा महिना दुसरा किंवा आठवाच असतो. तो रिवाजच होता. म्हणजे वीज गेल्यामुळे जे वाचलं, ते नेमकं काहीच न सांगणारं.

वर्ष राहिलं असतं तर काम सोपं होतं. त्यांच्याकडे राजवटीचं नाव आणि वर्षाचा आकडा असतो. शोवा 18 म्हणजे 1925 अधिक 18, 1943. आपण शकात 78 मिळवतो, तसंच. काही पात्यांवर साठ वर्षांच्या चक्रातलं नाव सापडतं. प्रभव-विभव पाठ असलेल्या आजीला हे समजावायला मला दोन मिनिटं लागली, इंजिनियर नातवाला अर्धा तास.

बरं, ती तलवार कोट्यवधींची होती का? नाही. नुसतं 'बिशू ओसाफुने अमुक' असं आखूड नाव असेल, तर बहुधा सोळाव्या शतकातल्या लढायांच्या धामधुमीत घाऊक घडवलेलं पातं. खास गिऱ्हाइकासाठी घडवलं की कारागीर प्रांताचं पूर्ण नाव, स्वतःचं खाजगी नाव, सगळं ऐसपैस लिहायचा. पण साधं असलं तरी ते कुणाचं, कोणत्या साली, हे कळलं असतं की नाही?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो, मी अजून कालनिर्णयावर आलोच नाही!

पटापट घ्या. नावावर विश्वास नको. खोटी नावं शतकानुशतकं कोरली गेलीत. कोतेत्सु नावाच्या कारागिराबद्दल तर जपानातच म्हणतात की कोतेत्सु दिसला की खोटा समजा. आधी आकार, मग पोलाद, मग धारेची रेघ, शेवटी नाव. लांबी : 30.3 सेंटिमीटर म्हणजे एक शाकु. त्याच्या आत तान्तो, दोन शाकुंपर्यंत वाकिझाशी, वर कताना. घोडेस्वारांच्या जुन्या तलवारी धार खाली करून कमरेला लटकवायच्या. त्यांचा बाक मुठीजवळ खोल, टोक निमुळतं. चौदाव्या शतकात प्रचंड लांब पाती आली. पुढे ती मुठीकडून कापून आखूड केली, म्हणून नाव गेलं आणि खुंटीची भोकं दोन-तीन झाली. भोकं मोजा! मग पायी लढाई, धार वर करून कमरेच्या पट्ट्यात खोचायची तलवार. 1661 ते 1673 च्या सुमारास पातं जवळजवळ सरळ. अठराव्या शतकाच्या शेवटी पुन्हा जुन्याची नक्कल, लांब आणि जड. 1876 ला तलवार बाळगायला बंदी. ढोबळ नावं : साधारण 1596 पर्यंत कोतो, मग शिन्तो, शिन्शिन्तो, आणि 1876 नंतरची गेन्दाइतो.

धारेची रेघ, हामोन. पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड, तापवून पाण्यात बुडवतात. धार कडक होते, पाठ चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर दिव्याखाली धुक्यासारखं काहीतरी दिसतं, त्यात बारीक चमकते कण. ॲसिडनं काढलेली खोटी रेघ नुसती पांढुरकी, आत काही नसतं. आणि त्या रेघेवर धारेला काटकोनात केसासारखी चीर दिसली, तर घेऊ नका. कितीही स्वस्त असली तरी.

निगा. पात्याला बोट लावायचं नाही. त्याच्यावर बोलायचं नाही, थुंकी उडते. मला हे सर्वांत अवघड गेलं. मऊ कागदानं जुनं तेल टिपायचं, नवं अगदी पातळ लावायचं, वर्षातून दोन-तीनदा, पावसाळ्यात जास्त. जपानी लोक लवंगेचा वास असलेलं तेल वापरतात. इथं शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नको, चिकट होतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका. आडवी ठेवा, धार वर. पॉलिश इथं कुणाकडूनही करून घेऊ नका. प्रत्येक पॉलिशला वरचं पोलाद झिजतं, आणि एकदा आतलं मऊ पोलाद वर आलं की परत जात नाही. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, ती पॉलिशला म्हणून जपानला पाठवता येत नाही. पात्याच्या लांबीमुळे शस्त्र कायदाही येतो, पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आणि हळदकुंकू म्यानाला लावा. देवी रागवत नाही. मी विचारलंय.

नाव वाचता येत नसेल तर कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा, लहानपणी नाण्यावर फिरवायचो तशी. तो कागद मला पाठवा. पातं नको.

एकच प्रश्न घेतो. मागच्या काका, बोला. बफ मारलेल्या जागी परत गंज चढेल का? चढेल. चढायला लागलाय, मी दिवाळीत पाहून आलो, लालसर झालाय. चुलते विचारत होते, थोडं तेल लावून पुसू का. मी म्हटलं, राहू द्या, चारशे वर्षांत काळा होईल.