नमुना चार भरा, मग बोलू

(राळेगाव तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेत झालेलं व्याख्यान, थोडं आवरून.)

पोट्टेहो, मी इथं सरकारला शिव्या द्यायला नाही आलो, त्या तुम्ही चावडीवर रोज देता अन माझ्यापेक्षा चांगल्या देता. मी हिशोब घेऊन आलोय. 2023 ची तलाठी भरती घ्या, जागा 4,644, अर्ज 10 लाखांच्या वर, फी ओपनला 1000 अन बाकीच्यांना 900. करा गुणाकार. बेकाराच्याच खिशातून एवढा पैसा गोळा झाला.

आता काही लोक म्हणतात की काम देणं हे सरकारचं कामच नाही बुवा. त्यांना सांगा, रोजगार हमी ही दिल्लीची आयडिया नव्हती, आपल्या महाराष्ट्राची होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली, 1972 च्या दुष्काळात ती लोकांच्या कामी आली, 1977 ला कायदा झाला अन 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पैसा कुठून आणला? पगारदाराकडून. 1975 चा व्यवसाय कर यासाठीच आला, आजही पुण्यातल्या तुमच्या काकाच्या स्लिपवर महिन्याला 200 अन फेब्रुवारीत 300 कापलेले दिसतील. मग 2005 ला केंद्रानं देशभरासाठी 100 दिवसांचा कायदा केला.

यातली खरी ताकद कुठं आहे सांगतो. मागितल्यापासून 15 दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. म्हणजे तारीख सरकारच्या मानगुटीवर. पण गावात काय होतं, वेचणी संपली, पऱ्हाटी उपटून झाली, वावरात काही नाही, मग काकू ग्रामपंचायतीत जातात, रोजगार सेवक म्हणतो, "काकू, आत्ता काम नाही, निघालं की सांगतो," काकू म्हणतात, "बरं बाप्पा," अन घरी येतात. झालं, तिथंच मेला कायदा! नमुना चारचा, म्हणजे काम मागायचा, अर्ज नाही, तारखेची पोच नाही, मग 15 दिवस मोजायचे कुठून अन भत्ता कशाचा. वर रिपोर्ट जातो की या गावात कामाची मागणीच नाही.

मागं कोणीतरी पुटपुटलं, "सर, आम्ही बीए होऊन गाळ उपसायचा काय?" नाही ना भाऊ. हमी म्हणजे कोणी उपाशी मरू नये एवढंच, तिला करिअर कोण म्हणतंय. तुमच्यासाठी 2024 ला राज्य सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, महिन्याला बारावीला 6,000, आयटीआयला 8,000, पदवीला 10,000, आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. पोरं ऑफिसात बसली, डेटा भरला, दाखले काढून दिले, अन मुदत संपल्यावर घरी. मला सांगा, अकरा महिने त्यांना काम पुरलं याचा अर्थ तिथं काम होतं ना? मग पद का नाही भरत? प्रशिक्षणाच्या नावाखाली स्वस्तात माणूस वापरणं हे मला तरी पटत नाही, अन हे मी पेन्शन घेणारा माणूस म्हणून बोलतोय, राग आला तर येऊ द्या.

अन कापूस. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 ची, कापूस आपला, सूतही इथंच निघायचं, आज त्या जागेवर मॉल आहे. आता अमरावतीच्या पीएम मित्र पार्कचं, म्हणजे केंद्राच्या कापड उद्योगाच्या पार्कचं, भूमिपूजन झालंय सप्टेंबर 2024 ला, चांगलंच आहे, मी टाळ्या वाजवतो. पण "इतके लाख रोजगार" असा बोर्ड लागला की विचारा, कंपनीच्या रोलवर किती अन ठेकेदाराकडे किती, पीएफ कापणार का, पोरींना शिफ्टला न्यायला बस आहे का. जमीन, पाणी, वीज, सवलत सरकार देतं, तर या अटीही करारात सरकारनंच टाकायच्या, कंपनी स्वतःहून काहून टाकेल?

ते होईल तेव्हा होईल. सोमवारी ग्रामपंचायत उघडी आहे, तुम्ही दिवसभर इथं फॉर्मच भरता, ज्यांच्या घरी माय-बाप कामाला जायला तयार आहेत त्यांचे नमुना चार भरून द्या, अन शिक्का-तारीख असलेली पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका. हां, आता विचारा प्रश्न.