एकच धडक, वेगवेगळ्या परीक्षा

(काळा पडदा. पत्रा चेपल्याचा आवाज. मग शांतता.)

ऑक्टोबर २०१६. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातलं रकर्सव्हिल. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका प्रयोगशाळेत दोन सेदान समोरासमोर धडकवल्या. दोन्ही निसानच्या, दोन्ही मेक्सिकोत तयार झालेल्या. त्सुरू मेक्सिकोत विकली जायची, व्हर्सा सीमेपलीकडे अमेरिकेत. आणि दोन्ही त्या-त्या देशातल्या निसानच्या सगळ्यात स्वस्त सेदान.

(हळू गतीतलं दृश्य)

डावीकडे व्हर्सा. बॉनेटचा पार चुराडा झालाय, एअरबॅगा फुगल्यात, पण डमी, म्हणजे चाचणीसाठीचा माणसाएवढा पुतळा, बसलाय तेवढी पेटी शाबूत आहे. आता उजवीकडे बघा. त्सुरूची काच आणि दार यांच्यामधला खांब मागे वाकतोय. छप्पर दुमडतंय. स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड सरळ डमीच्या अंगावर. एअरबॅग फुगायचा प्रश्नच नाही, ती बसवलेलीच नव्हती. मेक्सिकोच्या कायद्यानं ती मागितली नव्हती, अमेरिकेच्या कायद्यानं मागितली होती. कंपनी तीच, बनवणारा देशही तोच. त्सुरूचं उत्पादन मे २०१७ मध्ये थांबवू, असं निसाननं जाहीर केलं ते याच आठवड्यात. योगायोग म्हणायचा का, तुम्हीच ठरवा.

आपणही यातून सुटलेलो नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात धडाधड खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या धडकवल्या. अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय टेन आणि पोलो, सगळ्या एअरबॅग नसलेल्या. पाचही गाड्यांना सुरक्षिततेचे पाचपैकी शून्य स्टार. आणि पाचही पूर्णपणे कायदेशीर! कारण गाडी धडकवून आतल्या डमीला किती इजा होते ते मोजण्याची सक्ती आपल्याकडे तेव्हा नव्हतीच. ती नव्या मॉडेलना लागू झाली ऑक्टोबर २०१७ पासून, जुन्यांना ऑक्टोबर २०१९ पासून. ‘आपल्याकडे एवढ्या वेगानं गाड्या चालतातच कुठे?’ असा सूरही तेव्हा लागला होता. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण होऊन तोवर बारा वर्षं झाली होती.

फोक्सवॅगननं मात्र पोलोत दोन एअरबॅगा सरसकट द्यायचं ठरवलं. तीच पोलो पुन्हा धडकवली, तर चार स्टार.

आता थोडं गणित. आपला कायदा समोरची धडक ताशी ५६ किलोमीटरला घेतो, युरोपचा कायदाही तेवढ्यालाच. स्टार देणारी ग्लोबल एनकॅप ६४ ला घेते. आठ किलोमीटरनं काय होणार? पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. या आठ किलोमीटरनं ती जवळपास तीस टक्के जास्त होते. पास होणं वेगळं आणि मार्क मिळवणं वेगळं, ते असं.

भिंतसुद्धा सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेची सरकारी चाचणी गाडीचं अख्खं तोंड सिमेंटच्या भिंतीवर नेऊन आदळते. त्यात पुढचा सगळा भाग मिळून मार झेलतो, गाडी एका क्षणात थांबते आणि कस लागतो तो बेल्ट-एअरबॅगचा. युरोपनं पुढे आणलेल्या पद्धतीत गाडीच्या रुंदीचा फक्त ४० टक्के भाग जाळीदार ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर जातो. एकाच बाजूवर सगळा भार येतो आणि सांगाडा किती पक्का आहे ते उघडं पडतं. त्यामुळे इथले स्टार आणि तिथले स्टार एका तराजूत घालता येत नाहीत.

अमेरिकेच्या कायद्यात आणखी एक गंमत आहे. तिथे एका चाचणीत डमीला मुद्दाम सीटबेल्ट लावत नाहीत. १९८४ पर्यंत तिथल्या एकाही राज्यात मोठ्या माणसांना बेल्टची सक्ती नव्हती. लोक लावतच नाहीत, मग त्यांनाही वाचवा, असा विचार. म्हणून तिथल्या एअरबॅगा मोठ्या असायच्या. युरोपनं धरून चाललं की माणूस बेल्ट लावणारच, म्हणून तिथल्या छोट्या.

आपण काय धरून चालतो? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्याला धडकली. पुढे बसलेले दोघं वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, ते गेले. चाचणीतला आपला डमी मात्र कायम बेल्ट लावून बसतो.

(प्रयोगशाळेचं दृश्य. डमीच्या कपाळाला, गुडघ्यांना ओला रंग लावणारा हात.)

हा रंग कशासाठी? डोकं कुठे आपटलं, गुडघा कुठे घासला, ते नंतर डागावरून कळतं. एअरबॅगवर लाल ठसा उमटला तर ठीक. तोच स्टिअरिंगवर उमटला, तर मार्क गेले.

अशी परीक्षा आता आपलीही आहे. भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून. कारभार पुण्याच्या सीआयआरटी या रस्ते वाहतुकीवरच्या संस्थेकडे. समोरची धडक ६४ ला, बाजूची ५० ला, शिवाय खांबावर आडवी धडक २९ ला. पण परीक्षेला बसायचं की नाही, ते कंपनीनं ठरवायचं. आणि स्टार शिळेही होतात बरं का! फियाट पुंटोला युरोपात २००५ मध्ये पाच स्टार मिळाले होते. २०१७ मध्ये पुन्हा तपासली, तर शून्य. गाडी तीच होती, पेपर अवघड झाला होता.

(नाशिक फाटा, संध्याकाळ. सिग्नलला थांबलेली गर्दी.)

२०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची, १९ टक्के पायी चालणारी. भारत एनकॅपमध्ये तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर गाडीचं नाक पादचाऱ्याला कमी इजा करणारं असावं लागतं, एवढी सोय आहे. बाकी सगळे डमी गाडीच्या आत.

(सिग्नल सुटतो. स्कूटरवर तिघं: बाबा, आई, मधे दप्तर घेतलेली मुलगी. हेल्मेट फक्त बाबांना. शेजारून एक नवी कोरी कार निघून जाते.)