भार वाढला की आक्रसणारा तारा

नमस्कार, श्रोतेहो. ८ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे आपल्याकडे दीप अमावस्या होती त्या दिवशी, भुजंगधारी तारकासमूहातला एरवी दुर्बिणीशिवाय न दिसणारा एक तारा नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. आर. एस. ऑफियुकी हे त्याचे नाव. १९८५ आणि २००६ मध्येही तो असाच उजळला होता.

वस्तुतः ही जोडी आहे. एक तांबडा राक्षसी तारा आणि दुसरा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, आकाराने पृथ्वीएवढा पण वस्तुमानाने सूर्याहून भारी. राक्षसी ताऱ्याचा वायू बटूवर साचत राहतो. साधा वायू तापला की फुगतो आणि फुगताना निवतो. पण बटूवरील हायड्रोजनचा तळचा थर इतका दाबलेला असतो की तिथला दाब तापमानावर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे अणुसंमीलन, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रे जुळून हेलियम बनण्याची क्रिया, पेटले तरी थर वेळेवर फुगत नाही, उष्णतेने संमीलन आणि संमीलनाने उष्णता वाढत जाते, आणि अखेरीस तो थर भिरकावला जातो. २००६ मध्ये ही उधळण राक्षसी ताऱ्याच्या वायूवर आदळून निघालेल्या रेडिओलहरी नारायणगावजवळच्या खोडद येथील महादुर्बिणीने टिपल्या होत्या.

खरा प्रश्न पुढचा आहे: या व्यवहारात बटूच्या पदरी काय उरते? वायू फार सावकाश आला, तर थर जाड साचतो, स्फोट जबर होतो आणि बटूचे स्वतःचे द्रव्यही खरवडून जाते. म्हणजे मिळकतीपेक्षा खर्च जास्त. वर्षाला सौर वस्तुमानाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतका वायू येत असेल, तर हायड्रोजन स्फोटाविना संथपणे जळतो आणि त्याची हेलियमरूपी राख साठते. बटूचा स्वभाव असा विलक्षण की भार वाढला की तो आक्रसतो, गुरुत्व तीव्र होते आणि थोड्याशा हायड्रोजननेही स्फोट घडतो. आर. एस. ऑफियुकी पंधरा-वीस वर्षांतच पुन्हा पेटतो, तो याचमुळे. तो चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे ज्यापलीकडे श्वेत बटू तग धरू शकत नाही त्या सुमारे १.४ सौर वस्तुमानाच्या, जवळ आहे.

ती मर्यादा गाठताना बटू कार्बन-ऑक्सिजनचा असेल, तर कार्बन पेटून संपूर्ण तारा अतिनवतारा म्हणून, म्हणजे एका प्रचंड स्फोटात, विखुरतो. तो ऑक्सिजन-निऑनचा असेल, तर इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांत शिरू लागतात, त्यांच्या दाबाचा आतला आधार सुटतो आणि तारा कोसळून सुमारे दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचा, मुख्यतः न्यूट्रॉन कणांचा बनलेला न्यूट्रॉन तारा बनतो.