दोडामार्गचं पाणी डोंगरात आहे

(पोफळीची बाग, सकाळ. पाटाचं पाणी.)

हे पाणी पंपाचं नाही. वरच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दगडमातीचा बंधारा घालून ते पाटानं खाली आणलंय. पाऊस सरला की बागायतदार मिळून बंधारा बांधतात, पाटातला पाचोळा नि गाळ काढतात, आणि मग ठरलेल्या पाळीनं ज्याच्या त्याच्या बागेत पाणी फिरतं. हे बघा, पायानं जरा माती सारली की एका आळ्यातलं पाणी दुसऱ्याकडे वळलं. सुपारी, माड, केळी, मिरवेल, जायफळ, सगळं याच एका पाटावर. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतली कितीतरी घरं अशा बागांवर उभी राहिली आहेत.

(डोंगरमाथा, वरून.)

आणि हे पाणी मे महिन्यापर्यंत पुरतं ते या डोंगरामुळे. माथ्यावर जांभा आहे, आणि जांभा पाणी पितो. चार महिने कोसळणारा पाऊस त्यातून खाली, लोहखनिजाच्या भुसभुशीत थरांत मुरतो आणि पायथ्याच्या झऱ्यांतून वर्षभर थोडा थोडा बाहेर येतो. या भागात लोहखनिजाच्या खाणींचे प्रस्ताव आले. त्या खाणींना जे खनिज हवंय, तीच या गावांची पाण्याची टाकी आहे.

उघडी खाण म्हणजे आधी झाडी जाणार, मग जांभा, मग माती. शेजारच्या गोव्यातला अनुभव असा, की एक टन खनिज हाती यायला दोन-तीन टन माती-दगड उपसून बाजूला रचावे लागतात. पावसात तो ढीग व्हाळात उतरतो. खड्डा भूजलाच्या खाली गेला की आत पाणी भरतं, ते पंपानं उपसून टाकतात, आणि पायथ्याच्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात.

(कानळाची राई, बांबर्डे.)

बांबर्ड्याची ही देवराई. नावच कानळाची राई. इथं सांभाळून पाऊल टाकावं लागतं, कारण जमीन कुठं आणि पाणी कुठं ते कळत नाही. चिखलातून वर आलेली ही गुडघ्यासारखी वाकडी मुळं रानजायफळाची. दलदलीत मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती अशी वर डोकावतात, श्वास घेतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. जवळून पाहिलं तर सालीवर बारीक बारीक छिद्रं दिसतात, हवा तिथून आत जाते. असं जंगल वाहतं गोडं पाणी बारमाही असेल तिथंच तगतं. महाराष्ट्रात ते फार दुर्मीळ. 2021 साली राज्य सरकारनं या राईला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. क्षेत्र अवघं 2.59 हेक्टर. पण कागद यायच्या कितीतरी आधीपासून, देवाची म्हणून, गावानं इथं कुऱ्हाड लावू दिली नाही. राईतलं पाणी पुढे गावाच्याच बागांना जातं.

(कळणे. खाणीचा खड्डा.)

हे कळणे. लोकांनी केवढा विरोध केला, तरी खाण झाली. जुलै 2021 मध्ये मोठ्या पावसात खड्ड्यात साठलेलं पाणी बांध फोडून गावात शिरलं. घरांत, बागांत लाल चिखल.

(ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फलक.)

असनिये, झोळंबे, डोंगरपाल या भागांतही खाणींचे प्रस्ताव आले. गावं गप्प बसली नाहीत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालची पश्चिम घाट तज्ज्ञ समिती काम करत होती, तेव्हा सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या 25 गावांनी ग्रामसभेत ठराव केले : आमचं गाव पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र करा, म्हणजे खाणीसारख्या कामांवर निर्बंध येतील. वरून कुणी लादलं नव्हतं, गावांनी आपणहून मागितलं होतं. समितीनं 2011 च्या अहवालात त्याची नोंद घेतली. पुढे गाडगीळ अहवालाचा फेरविचार करायला केंद्रानं नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीच्या यादीतून मात्र दोडामार्ग तालुका गळला. खनिज असलेला नेमका हाच तालुका कसा गळतो, हे गावं आजही विचारतात.

मग न्यायालयाची वाट. आवाज फाउंडेशन आणि वनशक्ती या संस्थांच्या लढाईत, 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली वृक्षतोड रोखली. हा पट्टा वाघांच्या येण्याजाण्याचा आहे, राधानगरीकडून तिळारीमार्गे गोवा-कर्नाटकाच्या जंगलांत उतरणारा. तिळारीचं 29.53 चौरस किलोमीटरचं जंगल 2020 मध्ये संवर्धन राखीव झालं. आणि 22 मार्च 2024 ला उच्च न्यायालयानं त्या 25 गावांना संवेदनशील क्षेत्राचा दर्जा देण्यासाठी केंद्राला मुदत घालून दिली, तोडीवर नजर ठेवायला कृती दल नेमायला सांगितलं.

गावांचं मागणं ठराव केला तेव्हाचंच आहे. 25 गावं अधिसूचनेत यावीत, एकेक नावानिशी, आणि कुठल्याही डोंगराचा सर्व्हे नंबर त्यातून मागाहून वगळला जाऊ नये.