नवी पट्टी

(दृश्य: देवगड तालुका. उजाडताना हापूसच्या कलमांखाली घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन उभे असलेले गडी.)

एप्रिलचा तिसरा आठवडा. तयार झालेला आंबा कुणासाठी थांबत नाही. उतरवणाऱ्या गड्यांची मजुरीही थांबत नाही, शनिवारी ती हातात द्यावीच लागते.

या घरचा आंबा पूर्वी सगळा वाशीला जायचा. मग दलालाकडून पट्टी यायची. पेट्या किती, भाव काय लागला, अडत, हमाली, भाडं वजा जाता उरलं काय. ती पट्टी ओळीओळीनं वाचणं इथल्या बायकांच्या अंगवळणी पडलंय.

आता निम्म्या पेट्या थेट पुण्याठाण्याच्या गिऱ्हाइकांकडे जातात. दलाल गेला, पण त्याच्या जागी ऑनलाइन पैसे घेऊन देणारी पेमेंट कंपनी आली. तिचीही पट्टी असते.

(दृश्य: पडवीत पेंढ्याच्या आढीशेजारी मोबाइल आणि वही.)

सुरुवात यूपीआयच्या क्यूआर कोडनं झाली, आणि ते बरोबरच होतं. १ जानेवारी २०२०पासून बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, घेतला जात नाही. दिवसाला दहा-पंधरा पेट्या असतील तर याहून स्वस्त काहीच नाही. पण ऑर्डरी वाढल्या की रात्री बसून कुठले पैसे कुणाचे ते जुळवायचं, पाठवलेला स्क्रीनशॉट खरा की खोटा ते तपासायचं. तिथे पेमेंट लिंक लागते, ऑर्डरीला चिकटलेली.

आता हिशेब. पेटी ३,००० रुपयांची धरू. कार्डावर कंपनीचं शुल्क सर्वसाधारणपणे २ टक्के, म्हणजे ६० रुपये. त्या ६० वर १८ टक्के जीएसटी, १० रुपये ८० पैसे. हाती २,९२९ रुपये २० पैसे. परदेशी कार्डाचा दर याहून चढा, आणि ती सोय बहुधा वेगळी मागून घ्यावी लागते. न्यू जर्सीतला मुलगा ठाण्यातल्या आईवडलांसाठी पेटी मागवतो, तेव्हा याची गरज पडते. काही कंपन्या यूपीआयवरही स्वतःचं सेवाशुल्क लावतात. ते आधीच विचारायचं.

पण आमच्या मते दरातल्या पाव टक्क्याच्या फरकापेक्षा मोठा प्रश्न आहे तो पैसे खात्यात कधी येतात हा. नेहमीची मुदत कामकाजाचे दोन दिवस. शुक्रवारी संध्याकाळी आलेले पैसे मंगळवारी. मधला शनिवार मजुरीचा. सहा-आठ आठवड्यांच्या हंगामात हे चार दिवस फार जड जातात. त्याच दिवशी पैसे देणाऱ्या कंपन्या आहेत, त्याचं शुल्क वेगळं.

(दृश्य: कापलेला आंबा, आत साका, म्हणजे पांढरट, खराब झालेला गर.)

बाहेरून देखणं फळ, आत साका. गिऱ्हाईक फोटो पाठवतं, आणि अर्ध्या डझनाचे पैसे परत करायचे असतात. त्यामुळे अर्धवट परतावा देता येतो का, हे पाहावं. बऱ्याच कंपन्या परताव्यात कापलेलं शुल्क परत देत नाहीत. नुकसान दुहेरी होतं.

कंपनी खरी की नाही, हे मात्र पटकन कळतं. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२०मध्ये या कंपन्यांसाठी नियम आणले. अशा कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, गिऱ्हाइकाचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला स्वतःसाठी वापरता न येणाऱ्या वेगळ्या खात्यात, ठेवावे लागतात. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कुणीही पाहू शकतं.

राहिली कागदपत्रं. पॅन, बँक खातं, व्यवसायाचा पुरावा, संकेतस्थळावर परताव्याचे आणि पोचवण्याचे नियम. हे जानेवारीत, मोहोरावर फवारणी चालू असतानाच उरकावं. आणि एप्रिलमध्ये ऑर्डरी एकदम वाढणार, हे कंपनीला आधी लेखी कळवावं. नव्या खात्यावर अचानक लाखांची उलाढाल दिसली की तपासणीसाठी पैसे अडकू शकतात, आणि ते सुटेपर्यंत हंगाम सरतो.

(दृश्य: टेम्पोत पेट्या चढताहेत. पडवीत वही उघडलेली.)

वहीत आता दोन नवे रकाने आहेत: किती वजा झाले, आणि कधी आले. टेम्पो निघायच्या आत घरच्या ताई कालच्या तारखेसमोर दुसरा रकाना भरतात.