‘बाहेरचे नकोत’ म्हणणारे सगळे सारखे नसतात

नमस्कार मंडळी. जालन्याच्या स्टील कारखान्यांतल्या बिहारी कामगारांवर मागं बोललो, तेव्हापासून तुमचा एकच प्रश्न येतोय: “सर, काहींना बाहेरच्यांचा एवढा राग का? स्वभावच असतो का?”

काही अंशी, हो. मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानतात. ज्यांना नव्या अनुभवांची ओढ असते आणि जे मनमिळाऊ असतात, ते सरासरीनं स्थलांतरितांना लवकर आपलं म्हणतात. सरासरीनं, बरं का! यावरून शेजाऱ्यावर शिक्का मारू नका. हे सोपं झालं.

खरी मेख पुढं आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन डकिट यांनी 2001 मध्ये मांडलं की बाहेरच्यांना होणाऱ्या विरोधाची मुळं दोन. एकाला जग धोक्याचं वाटतं, त्याला रीतभात, शिस्त, सारखेपणा हवा. दुसऱ्याला जग म्हणजे चढाओढ वाटते, त्याला आपण वर आणि ते खाली अशी उतरंड हवी. तोंडातलं वाक्य दोघांचं एकच!

कमेंटमध्ये दर वेळी कुणीतरी लिहितंच, “त्यांनी मराठी शिकावं, मिटला विषय.” नाही हो मिटत! अमेरिका आणि स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास 2008 मध्ये आला. पहिल्या प्रकारचा माणूस चिडतो, ते आपल्यात मिसळत नाहीत तेव्हा. दुसरा चिडतो, ते मिसळायला लागतात तेव्हा! म्हणजे पोरगं मराठी शिकलं की एकाचा राग उतरतो आणि दुसऱ्याचा चढतो, कारण ते आता बरोबरीला येतंय.

अजून पटत नसेल तर आपल्याच माणसांकडं बघा. माझे मामा-मामी बीडहून ऊसतोडीला जायचे. भाषा मराठी, देव तेच, सण तेच. तरी कोपी, म्हणजे राहायची झोपडी, गावाबाहेरच, आणि पाणी भरायला गेलं की बोलणी खावी लागायची. तिथं मिसळायचं काय राहिलं होतं? ती उतरंड होती. मला या गोष्टीचा अजून त्रास होतो, म्हणून वारंवार बोलतो.

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय, एकमेकांत वावरून फरक पडतो का? पडतो. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी 2006 मध्ये पाचशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, संपर्कानं पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो असंच दिसलं. पण गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच सांगितलं होतं, नातं बरोबरीचं हवं आणि काम एकत्र हवं. वाळूजच्या कारखान्यात एकाच लाइनवर शेजारी उभे राहणारे दोघं, असा संपर्क. मुकादम आणि मजूर रोज भेटतात, तो नव्हे.